येते

ड्युटी लिस्टवर कोवेच्या नावापुढे आज पुन्हा
लाल पेनाने ‘गै.’
ठवकर सिस्टर माझ्याकडे न बघता चष्मा पुसत म्हणाल्या,
नाईटलाही थांबशील का गं?
ते विचारणं नसतं.

बेचाळीस खाटा, खाली जमिनीवर अकरा गाद्या,
आणि आम्ही दोघी.
त्यातली एक शिकाऊ, शीर सापडली नाही
की पेशंटआधी तीच रडवेली होते.
नागपूरचा मे. कूलरची टाकी भरणं
हेही कुणाचं तरी काम होतं,
तो कुणीतरीसुद्धा रजेवर.
रात्री दोनला भिंतीला पाठ टेकवली
तर दुपार अजून आतच होती.

बाराचं इंजेक्शन दीडला पोहोचतं,
दोनचं पावणेचारला.
कागदावर मी बाराच लिहिते, दोनच लिहिते.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

एकतीस नंबरचे आजोबा, आरमोरीकडचे,
दहा वाजता म्हणाले, बाई, पाणी.
मी म्हटलं, आले.
‘आले’ हे आमचं चालू खातं,
त्यात शिल्लक कधीच नसते.
पाऊण वाजता गेले तेव्हा
त्यांनी स्वतःच बाटली ओतून घेतली होती,
अर्धी चादरीवर.
ओली कड हाताखाली झाकून म्हणाले,
“तुमी बसा जराशा.”

नऊ नंबरचा भाऊ ओरडला,
“पगार कायचा घेता वं तुमी?”
त्याला उत्तर दिलं नाही.
सगळी उत्तरं कोवेसाठी राखून ठेवली,
पहाटेपर्यंत त्यांना धार लावली,
आणि सकाळी हँडओव्हर देऊन
स्कूटी थेट मानेवाड्याकडे वळवली.
भांडायलाच.

दार उघडं होतं.
खुंटीवर इस्त्रीचा युनिफॉर्म.
उंबऱ्यापाशी पांढरे बूट, नुकतं पॉलिश केलेले,
टोकं बाहेरच्या दिशेला.
सुनंदा कोवे जमिनीवर बसलेली,
एक मोजा पायात, एक हातात.

“तीन दिवस झाले, घालते अन् काढते,” ती म्हणाली.
“काल फाटकापर्यंत गेली होती.
वार्डाचा वास आला.
मंग पायच नाही उचलला.”

तिच्या फाटकापासून मेडिकल चार किलोमीटर.
वास यायचा कुठून?
म्हणायला तोंड उघडलं,
आणि माझीच बाही माझ्या नाकाजवळ आली.

मागच्या महिन्यात भावाचं लग्न होतं,
मी सहा दिवस मूलला.
माझ्या सहा नाईट कुणी केल्या
हे परत आल्यावर मी विचारलं नव्हतं.
पेढे मात्र वाटले होते.
तिने एक घेतला होता, डब्यात ठेवला होता,
“मंग खाते, आता हात धुवाले टाइम नाही.”

तिने स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं.
प्यायले. दुसरा दिला, तोही.
काल संध्याकाळपासूनचं ते माझं पहिलं पाणी
आणि ते आणायला तीच उठली होती,
एका पायात मोजा घालून.

धार लावलेलं काहीच वापरता आलं नाही.
ती बरी आहे का, हेही विचारलं नाही;
आम्ही ते दिवसातून पन्नासदा विचारतो,
उत्तर ऐकायला थांबत नाही.

उठले. दारात म्हटलं, येते.
जाताना ‘जाते’ म्हणायचं नसतं आपल्यात.
ती हातातल्या मोज्याकडे बघत म्हणाली,
“येते.”
पण निघाले तर मी होते.

रात्री आठला पुन्हा लिस्टसमोर उभी.
ठवकर सिस्टरांच्या हातात लाल पेन,
टोपण काढलेलं.
म्हटलं, पाच मिनिटं थांबा ना.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आतून एकतीस नंबरचा आवाज आला.
आले, मी म्हटलं,
आणि या वेळी आधी तिकडे गेले.