डब्यावरची चिठ्ठी

अकरा वर्षं मी कॉडचे काटे काढले
इसाफ्योर्दुरच्या धक्क्यावर, रबरी एप्रनमध्ये.
आता सोलरून मला लिलावाचा प्रोग्रॅम शिकवते
बाजूच्याच खोलीत. वास इथवर येतोच.

"बोगुमिल, आधी स्टेटस विचार.
हात लावण्यापूर्वी बघ, काय काय हललंय."
हे कळलं मला. सुरी उचलण्याआधी
आम्हीही टेबलावरून नजर फिरवायचो.

मग अ‍ॅड: ट्रेमध्ये ठेवायचं,
सगळं नाही, आज जाणार तेवढंच.
कमिट केलं की झाकण बसतं
आणि झाकणावर चिठ्ठी.

माझी पहिली चिठ्ठी होती, "बदललं."
सोलरून हसली नाही.
म्हणाली, "रात्री तीनला लिलाव अडेल,
तेव्हा ही वाचणारा झोपेतून उठलेला असेल.
बहुतेक तूच."
मी पुन्हा लिहिलं:
"हॅडॉकचं वजन बर्फ वगळून धरलं."

पुश म्हणजे सुटलेला ट्रक.
पण त्याआधी पुल,
कारण तू जेवत असताना
बोलुंगारविकहून स्नायब्योर्नने काहीतरी पाठवलेलं असतं.

असतंच. गुरुवारी दोघांनी
एकाच ओळीत हात घातला.
त्याने दर बदलला, मी वजन.
स्क्रीनवर बाणांचे जबडे उघडले,
वर माझं, खाली त्याचं,
मधे बरोबरच्या खुणांचं कुंपण.
एकजण चुकला असणार, म्हणून फोन लावला.
कुणीच चुकलं नव्हतं.
तिसरी ओळ लिहावी लागली.

आणि रीसेट, हार्ड.
ते कुणी शिकवलं नव्हतं, मीच कुठंतरी वाचलं.
तीन दिवसांचं काम
पाइपाच्या पाण्यानं फरशी धुवावी तसं गेलं.
दुपारचे चार. खिडकीत अंधार.
सोलरूनने कॉफी ठेवली,
उभ्याउभ्याच टाइप केलं: गिट रिफलॉग.
यादी उतरत आली,
मी कुठं कुठं उभा होतो, ते सगळं,
चुकीच्या पावलांसकट.

"झाकण लावलेलं परत मिळतं," ती म्हणाली.
"टेबलावर उघडं राहिलेलं नाही."

दरांच्या फाईलीत, अगदी तळाशी,
शेरा म्हणून मी पोलिशमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या,
भावाच्या पत्राचं उत्तर.
त्या कमिट करायचा धीर झाला नव्हता.

हे तिला सांगितलं नाही.
स्टेटस विचारलं.
सगळं स्वच्छ, म्हणाला.
पहिली ओळ आठवतेय. दुसरी, थोडीशी.