अठरापर्यंत

पातेरोसमध्ये आता बदकं राहिली नाहीत.
नदी काळी झाली, बदकं सरोवरापलीकडे गेली.
अंडी मात्र येतात अजून, पहाटे, ट्रकमधून,
भुशात निजलेली.

मी क्रिसांता. चाळीस वर्षं अंडी उजेडाला धरते.
पत्र्याच्या डब्याला एक भोक, आत दिवा,
भोकावर अंडं टेकवायचं, बोटांनी गर्रकन फिरवायचं.
शाळेत तिसरीच्या पुढे गेले नाही,
पण एवढं वाचता येतं.

आपल्याकडे येईतो आत एकाचे दोन, दोनाचे चार,
चाराचे कितीतरी हजार होऊन गेलेले असतात,
बदकीच्या पोटातच. मग गारठा लागतो आणि सगळं थांबतं.
ते थांबलेलं आम्ही विकत घेतो.
बांबूच्या टोपलीत तापवलेल्या भाताची पिशवी,
वर अंडी, वर पुन्हा पिशवी.
थर्मामीटर नको. अंडं मिटल्या पापणीला लावायचं,
पापणी सोसते तेवढी ऊब बरी.

आधी नुसती टिकली असते, पिवळ्यावर, फिकट.
टिकलीत एक रेघ उमटते,
इकडे डोकं, तिकडे शेपूट, हे ती रेघ ठरवते.
मी ती एकदाच पाहिली, फुटलेल्या अंड्यात,
बहुतेक.

चौथ्या दिवशी कोळी.
लाल, केसाएवढ्या पायांचा,
मधोमध एक ठिपका उड्या मारतो.
चोच नाही, पंख कुठले,
धडधड आधी.
मग डोळा, अंगाला न शोभेल एवढा मोठा,
बघायला अजून काहीच नसताना.

ज्यात कोळी नाही ते बाजूला काढायचं.
त्यालाही गिऱ्हाईक असतं. स्वस्तात.

अठराव्या दिवशी टोपली चुलीवर.
पिसं नुकती धरू लागलेली, हाडं मऊ.
रात्री माझा युसेबियो गल्लीगल्लीतून ओरडत जातो,
बालूऽऽट,
सोबत मीठ, व्हिनेगरची बाटली.
मला कधी वाईट वाटलं नाही. खोटं का बोलू?

गेल्या मंगळवारी सुनेबरोबर दवाखान्यात गेले.
अंधारी खोली, लुवालहातीच्या पोटावर गार चिकट काहीतरी,
डॉक्टरीण पडद्यावर शोधत राहिली.
गेल्या वर्षी याच पडद्यावर कोळी नव्हता.
तिच्याआधी मला कळलं होतं.
मी पर्सची चेन उघडत, मिटत बसले होते.

या वेळी करड्या धुक्यात
लुकलुक.
"आहे!" मी ओरडले, "ठेवा परत उबेत!"
डॉक्टरीण हसली. लुवालहाती हसली नाही,
तिनं माझी बोटं घट्ट धरली, तीच,
अंडी फिरवणारी.

जीपनीत म्हणाली, आता काय काय होईल, सांगा ना.
सांगितलं. डोळे काळे होतील.
बोटं फुटतील; बदकाची पडद्याने जोडलेली राहतात,
तुझ्याची सुटी होतील.
मग लव येईल, बारीक, सगळ्या अंगभर.
"आणि मग?"

मी बाहेर बघत राहिले.
अठराच्या पुढचं मी कधी
उजेडाला धरलेलं नाही.