सातवी ब, गुरुवार

खडकीच्या शाळेतला हा वर्ग संध्याकाळी साडेसहानंतर माझा.
फळ्यावर कुणाचा तरी लसावि अर्धवट पुसलेला,
त्याच्यावरच मी लिहिते : श्रद्धा म्हणजे काय?
आणि खडू मोडतो. दर वर्षी इथंच मोडतो.

बारा वर्षांच्या पोरांचे बाक,
त्यात चार मोठी माणसं गुडघे तिरके करून बसलेली.
सेल्वी दापोडीहून, कामावरून थेट, हातांना फिनेलचा वास.
निनाद, ज्याला शर्लीनशी लग्न करायचंय
आणि जो ते पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला.
नर्स सुलक्षणा, वहीला समास आखणारी.
आणि हिरामण खेडेकर, कंडक्टर, निवृत्त.
दहा आज्ञा सुट्ट्या पैशांसारख्या बोटांवर मोजतात
आणि नवव्या आज्ञेलाच बोटं संपतात,
डावी करंगळी कधीकाळी बसच्या दारात गेलेली.

ऑगस्टात सुरू करतो आम्ही.
तेव्हा मुळेकाठी ढोलपथकाचा सराव भरात असतो,
'मी श्रद्धा ठेवतो' एवढं म्हणेस्तोवर ताशा मध्ये घुसतो.
हिरामणची नऊ बोटं बाकावर ठेका धरतात,
मी बघितलं की लाजून हात मांडीखाली.
राहू द्या, म्हणते मी,
ते काही पाप नाही.

चाळीत त्यांना विचारतात, किती मिळाले?
"दर गुरुवारी कपभर चहा," हे सांगतात,
"तोही माझ्याच थर्मासातला."

मीही विचारलं होतं, वेगळ्या शब्दांत. विचारावंच लागतं.
बराच वेळ डस्टरकडे बघत बसले.
मग म्हणाले, "मंडळी गेली त्याच्या आदल्या दिवशी
सिस्टरनं तिची नखं कापली, बाई.
उद्या मरणाऱ्या बाईची नखं कोण कापतं?"
सुलक्षणानं पेन खाली ठेवलं.
त्या दिवशीचा धडा त्रैक्याचा होता. तो राहिलाच.

(माझं सगळं सव्वा महिन्याची असताना उरकलं.
मी म्हणे झोपले होते.)

जानेवारीत त्यांनी रुमालाची गाठ सोडली.
आत खंडोबाचा टाक, चांदीचा, नाकाशी झिजलेला.
"नदीत सोडवत नाही, घरात ठेववत नाही.
भाऊ सासवडला असतो, फोन उचलत नाही."
फादर म्हणाले, भावाला द्या, त्याचंच आहे ते.
पण भाऊ फोन उचलत नाही.
मग टाक वर्गाच्या कपाटात राहिला,
कंपासपेट्या, नकाशे आणि सरावाच्या भाकरीचा डबा यांच्या शेजारी.
कुलूप मीच लावायचे. मी कुणाला सांगितलं नाही,
आणि कबुलीतही, खरं सांगायचं तर, नाही.

उपवासकाळात तालीम.
जीभ पुढे करा. किंवा तळहातावर तळहात, असा.
ही अजून नुसती कणीक आहे, घाबरू नका.
निनादची टाळूला चिकटली,
सेल्वी इतकी हसली की डोळ्यांत पाणी,
आणि मग नुसतंच पाणी. कुणी काही विचारलं नाही.
कोरडे कपडे आणा, मी लिहून दिलं.
टॉवेल धर्मपित्यानं आणायचा.

शनिवारची रात्र, चर्चचे दिवे बंद,
अंगणात नवा अग्नी धरत नव्हता,
एप्रिलचा वारा, फादर काड्यांवर काड्या ओढताहेत.
फाटकाशी पांढरी टोपी दिसली.
"हिरामणचा भाऊ. ते आमचं, तुमच्याकडं आहे म्हणं."

किल्ली माझ्या पर्समध्येच होती.
त्यानं टाक कपाळाला लावला, आतल्या खिशात ठेवला,
खिशावर हात ठेवून उभा राहिला.
"शेवटची गाडी गेली असंल," म्हणाला. "थांबतो."
कुणीतरी त्याच्या हातात मेणबत्ती दिली,
त्यानं ती अंगापासून लांब धरली,
दुसऱ्याचं पोर धरावं तशी.

पाणी तीनदा.
हिरामण घंगाळावर वाकलेले, शर्टाची कॉलर भिजलेली,
आणि लोबोसाहेब टॉवेल विसरलेले,
खिसे चाचपताहेत, सगळी ख्रिस्तसभा बघतेय.
तेव्हा मागून तो आला, चपला काढून,
खांद्यावरचा पंचा ओढत, मधल्या वाटेनं सरळ.

"कान पूस आधी," म्हणाला.
"लहानपणापासून याचा उजवा कान फुटतो."