चार बोटं वायर

आधी नुसता एक कोन होता.
पिन जरा डावीकडे कलती केली
की लॅपटॉपचा दिवा लागायचा.
मग त्या कोनाखाली एक पावतीबुक आलं,
पुढे दोन, आणि वर दाब म्हणून
मांडवीच्या पुळणीवरून उचललेला गोटा.
बॅटरी गेल्या गणपतीतच मेलेली,
म्हणजे सगळा जीव वायरीत.
वायर हलली की पडदा काळा,
आणि काळ्या पडद्यात मी, चष्मा कपाळावर.

मालक म्हणाले, नवीन घेऊ, सीझन संपू दे.
सीझन संपला. दुसरा आला.
कुडाळात ओरिजिनल अठ्ठावीसशे.
मधे एक साडेसहाशेचा आणून पाहिला,
तो इतका तापायचा
की कारखान्याचं मांजर त्यावर झोपू लागलं.
तिसऱ्या दिवशी वास आला,
आणि मी परत जुन्याकडे.

शुक्रवार, वेंगुर्ला, संध्याकाळचे पाच.
बिया फोडणाऱ्या त्रेचाळीस बायकांचा आठवडा कागदावर,
उद्या दहाला पगार,
आणि कोन सापडत नाही.
रबरबँड लावून नाही, फुंकर मारून नाही,
शिव्या देऊन तर नाहीच.
पास्कू आल्मेडाचं दुकान बंद,
तो बहिणीकडे फेस्ताला.

सत्यवती गावडे हात धुवायला थांबली होती,
म्हणजे राख चोळायला;
काजूचं तेल पाण्यानं जात नाही.
दारातून बघत राहिली थोडा वेळ.
"धरू काय?"
धर, म्हटलं.

तिची काळी दोन बोटं,
सालं सुटलेली, नखांपाशी भाजलेली.
टरफलात गर कुठे टेकलाय
हे न बघता कळणारी बोटं.
दिवा लागला.
"आता हलू नको."
"मी खंय हलतंय? तूच हलतंस."

दीड तास.
अख्खा, पाकळी, तुकडा, कणी,
मी किलो टाकत गेले, दर लावत गेले.
मधेच म्हणाली, "माजां नाव खंय आसा?"
एकतिसाव्या ओळीत. दाखवलं.
तिनं वाचलं नाही, लांबी बघितली.
"बरां मोठां आसा."
तिच्या खांद्यावर डास बसला,
तिला हात सोडता येईना,
मग मीच मारला.

शनिवारी पाकीट मोजून ती परत आली.
"काल वायर धरलंय, ता खंय लावलंस?"
हसत होती.
मला वाटतं हसत होती.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
'इतर' म्हणून एक आहे,
त्यात आजवर चहापावडर आणि उंदरांचं औषध.

सोमवारी पास्कूनं वायर कापली.
वरून काळी, गुळगुळीत,
आपल्याला काही झालेलंच नाही अशी,
आणि आत तांबं हिरवंगार,
वर्षभर न घासलेल्या घंगाळासारखं.
"खारो वारो," तो म्हणाला,
"भायरसून कायच दिसाचां नाय."
सोलत सोलत गेला,
जिथं लाल लागलं तिथं थांबला,
चार बोटं काढून टाकली, डाख दिला.
पन्नास रुपये.
"फुडल्या वर्षाक आनी चार बोटां."

आता वायर टेबलापर्यंत पोचत नाही.
टेबलच ओढलं मी भिंतीकडे.
खिडकी पाठीशी गेली, तिच्यातला समुद्रही,
आणि समोर आली फोडायची खोली,
त्रेचाळीस माना, खाली.
एकतिसावी कधीकधी वर बघते,
माझ्याकडे नाही, पिनेकडे.

'इतर'मध्ये मी चाळीस रुपये लिहून ठेवलेत.
मालकांनी अजून सही केलेली नाही.