अकरा वेळा

सुलक्षणा रात्रपाळीला निघते तेव्हा
चपलेत पाय सरकवता सरकवता सांगते :
फ्रिजमध्ये दोन बाटल्या आहेत काढलेल्या,
एक बाराची, एक चारची.
मधल्या वेळेला चोखणी.
आणि दार इतकं हळू ओढून घेते
की कुलपाची जीभसुद्धा वाजत नाही.

कन्नमवार नगरात, तिसऱ्या मजल्यावर
मी आणि साडेचार महिन्यांची ऋजुता.
आमच्या दोघांत एकशे ऐंशी रुपयांची
पिवळ्या कडीची रबरी वस्तू.

चिपळूणहून आईचा फोन येऊन गेलाय.
‘पोरीच्या तोंडात बूच कसलं मारता रे?
दात पुढे येतील. तुला नव्हतं दिलं असलं काही.’
मग मला काय दिलं होतंस, विचारलं
तर म्हणाली, ‘तुला मी होते.’
यावर बोलण्यासारखं काही नसतं.
मी नेटवर्क गेल्यासारखं केलं.

डॉक्टर म्हणाले होते, रात्री चालेल,
दोरी बांधू नका, गोड काही लावू नका,
वर्षाच्या आसपास सोडवा.
सोडवा म्हणाले, जसं काही ते कोडंच आहे.

पावणेबारा. पहिल्यांदा पडते.
फरशीवर चोखणी पडल्याचा आवाज
आता मी झोपेतही ओळखतो :
बटणापेक्षा जड, चमच्यापेक्षा हलका.
मग पलंगाखाली हात.
एक मोजा, दोन रुपयांचं नाणं,
दिवाळीतली न जळलेली वात,
आणि खूप आत, भिंतीला टेकून, ती.
धुवायची, झटकायची, ओठांना लावायची.
ओळखीच्या माणसाला न विचारता घरात घ्यावं
तसे ओठ तिला आत घेतात.
मला मात्र दाराला साखळी ठेवून विचारतात :
कोण?

बारा दहा. एक. एक पंचवीस.
वरच्या पेडणेकरांच्या पंख्याला एक ठोका जास्त आहे.
हायवेवरून कंटेनर जातो, कपाटातल्या वाट्या
एकमेकींना जाग्या करतात.

सातव्यांदा, तिनाच्या सुमाराला,
मी ती धुतली आणि काय वाटलं कोण जाणे,
स्वयंपाकघरात, दिवा न लावता,
स्वतःच्याच तोंडात घातली.
चौतीस वर्षांचा, दाढी वाढलेला,
कुरियर कंपनीत हरवलेल्या पार्सलांचा
हिशेब ठेवणारा माणूस.

रबर. थोडं नळाचं पाणी.
आत काहीच नव्हतं.
एक थेंब नाही, वास नाही, कुणी नाही.
तरी जीभ आपली आपण कामाला लागली
आणि मार्चपासून कानांपाशी चढून बसलेले खांदे
खाली आले.
मी ओट्याला टेकून तसाच उभा राहिलो.
किती वेळ, ते सांगणार नाही.

मग लाज वाटली.
पातेल्यात पाणी उकळलं,
चोखणी त्यात पाच मिनिटं वरखाली होत राहिली,
नुकतंच पोहायला शिकलेल्या पोरासारखी.
तेव्हा लक्षात आलं, आतून आवाज नाही.
जाऊन पाहिलं :
ऋजुता उताणी, गाढ,
तोंड रिकामं,
आणि ओठ चालूच. चक, चक, चक.
हवेतून काय ओढत होती ती?
कुणाला ओढत होती, खरं म्हणजे, एवढ्या लांबून,
राजावाडीच्या कुठल्या वॉर्डातून?

चारला बाटली. साडेचारला पाणी आलं,
नळ आधी खोकला, मग वाहिला,
सगळ्या बिल्डिंगीत बादल्या बोलू लागल्या
आणि पुन्हा आठ, नऊ, दहा, अकरा.

साडेआठला सुलक्षणा येते.
कोपरापर्यंत हात धुते, कपडे बदलते,
केस मानेवरून वर बांधते.
‘कितीदा पडली?’
‘चार-पाचदा,’ मी म्हणतो.
ती माझ्या डोळ्यांखाली पाहते, काही बोलत नाही,
रात्रभर लोकांना ‘थोडंच दुखेल’ सांगून आलेली बाई.

मग ऋजुताला उचलते.
ऋजुता वास घेते, मान वळवते,
ओठ उघडते.

चोखणी बाराव्यांदा पडते.
पलंगाखाली घरंगळत जाते,
त्या नाण्याकडे, त्या वातीकडे.
उचलायला कुणी वाकत नाही.