पंचेचाळीस मिलिमीटर

तोलुनायनं गाडी खाली आणली.
ग्लाडबेकच्या भाड्याच्या गॅरेजात, एका रविवारी,
मूळच्या स्प्रिंगा काढून कोपऱ्यात उभ्या केल्या
आणि बसवल्या तांबड्या, आखूड, पोस्टानं मागवलेल्या.
मी टॉर्च धरून होतो.
कशी दिसते, बाबा?
दबा धरलेल्या मांजरीसारखी दिसत होती,
जमिनीला पोट टेकवून.
मी विचारलं, कागद?
तो हसला. हसताना तो आईवर जातो.

कागद आला होता खोक्यातून,
पण दुसऱ्याच मॉडेलचा.
तपासनिसाकडे जायचं, मोजून घ्यायचं,
गाडीच्या पुस्तिकेत एक ओळ चढवायची,
तेवढं राहिलं.
आधी सुट्टी नव्हती, मग पैसे नव्हते,
मग त्याला वाटायला लागलं की झालंच आहे सगळं.
या देशात अशी न चढवलेली ओळ
गाडीचा परवाना आतून पोखरते.
गाडीला कळत नाही. ती चालत राहते.

मार्चमध्ये शाळेजवळच्या गतिरोधकावर
पोट घासलं, टायर कमानीला चाटला,
गाडी हातभर डावीकडे सरकली
आणि तिथं नेमक्या श्रीमती होल्टकाम्प होत्या, सायकलवर.
मनगट मोडलं. टोपलीतली अंडी
एकही फुटली नाहीत, हे त्या अजून सांगतात.

विमा कंपनीचा माणूस आमच्या अंगणात
गुडघे टेकून बसला.
चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत
टेप ताणली: तीनशे अठरा.
पुस्तकात तीनशे त्रेसष्ट.
वजाबाकी त्यानं आम्हाला करू दिली.
वाईट नव्हता. चहाला नको म्हणाला,
पँटचे गुडघे झटकले, गेला.

पत्र सभ्य होतं.
बाईंच्या मनगटाचे पैसे कंपनी देईल,
मग ते आपल्याकडून वसूल करील.
आपल्या गाडीचं आपण बघावं.

तोलुनाय चिडला.
एवढ्याशा उंचीसाठी? बोटाच्या दोन पेरांसाठी?

त्याला काय सांगायचं.
मी सत्तावीस वर्षं उतरत होतो,
अकराशे मीटर, एका पाळीला एकदा.
माझ्या उतरण्याचा पितळी बिल्ला होता, दोन हजार सहाशे चौदा.
पाळी सुटताना एक जरी खिळा रिकामा दिसला
तरी कुणी घरी जात नसे.
खाली जायला माझी हरकत नाही, पोरा.
तू खाली गेलास हे वर कुणाला तरी
माहीत असावं, इतकंच.

पण हे बोललो नाही,
कारण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.
माझे सगळे कागद होते, शिक्क्यासकट.
छातीचे फोटो होते.
तिथंही एक नेमस्त माणूस आला,
नळीत फुंका म्हणाला, पुन्हा फुंका,
आणि वीस टक्के निकामी लागतात, त्यानं वाचून दाखवलं,
आपले अठरा भरतात.
दोन टक्क्यांचा श्वास
माझ्याकडे जास्तीचा निघाला.

मे महिन्यात आम्ही जुन्या स्प्रिंगा परत चढवल्या.
या वेळी टॉर्च त्यानं धरला,
कारण मला वाकल्यावर धाप लागते
आणि त्याच्याकडून नट फिरत नव्हता, रागानं.
तपासणीच्या हॉलमध्ये झीवर्ट बाईंनी
एक चाक उतरंडीवर चढवलं, खाली टॉर्च मारला,
कुठं घासतंय का ऐकलं, टेप लावली.
तीनशे एकसष्ट.
तोलुनायचा चेहरा पडला. माझाही.
पुस्तकात त्रेसष्ट आहे, मीच म्हणालो,
न विचारता, जुन्या सवयीनं.

त्यांनी टेप सोडली, ती सर्रकन आत गेली.
दोन मिलिमीटर वयाचे, त्या म्हणाल्या.
स्प्रिंग दमते. ते आम्ही धरत नाही.

शिक्का मारला.
बाहेर आल्यावर मी जरा वेळ
बॉनेटला टेकून उभा राहिलो.
काय झालं, बाबा?
काही नाही.
चल, हळू घे. पुढे गतिरोधक आहे.