नाकात बोलणारा मुलगा

केटरिंगला राहतो म्हटलं की
इस्लामपूरची माणसं अजून विचारतात, आचारी किती ठेवलेत?
तू पूर्वी यावर पोट धरून हसायचीस, वैजू.
आता सांगितलं तर म्हणशील, इस्लामपूरचे तुम्ही?
मग माझ्या वडिलांना ओळखत असाल.

ओळखत होतो. खांदा दिलाय त्यांना.
पण तुझ्या लेखी ते अजून साडेपाचला बँकेतून येतात,
सायकल कुंपणाला टेकवतात
आणि चहा मागतात.

जानेवारीत औषधांच्या दुकानासमोर काळा बर्फ होता.
काळा म्हणतात, पण तो दिसतच नाही.
तू पडलीस ती हातातली पिशवी न सोडता.
बारापैकी अकरा अंडी शाबूत राहिली
आणि सव्वीस वर्षं गेली.

डॉक्टर म्हणाले, सांगत राहा, अल्बम दाखवा.
तीनदा सांगितलं.
तीनदा तू पदर नसताना पदर सावरलास आणि रडलीस,
सकाळी पुन्हा कोरी.
चौथ्यांदा नाही सांगितलं.
अल्बम माळ्यावर आहे, जुन्या कोटांखाली.

आमच्या सात पिढ्यांत नवऱ्याला अरे-तुरे करणारी
तू पहिली. याच ओट्याशी, पहिल्याच हिवाळ्यात,
"तू सरक, मला फोडणी घालू दे."
आईनं फोनवर ऐकलं आणि दोन महिने बोलली नाही.
आता माझे शर्ट घडी करून दाराबाहेर ठेवतेस,
टकटक करतेस आणि निघून जातेस.
तुम्ही जेवलात का. तुमचं पत्र आलंय.
या खोलीचं भाडं माझे वडील पाठवतात ना वेळेवर?

पाठवतात, म्हणतो मी.

रविवारी लिल्लीकुट्टी आली, तुझ्या वॉर्डातली सिस्टर,
मासे घेऊन, आणि एक जुना सिनेमा घेऊन.
मल्याळम. खाली अक्षरं नाहीत.
ती थांबवून थांबवून मोडक्या हिंदीत सांगायची:
ये औरत सब भूल गया. ये आदमी ढूँढने आया.
शेवटच्या वीस मिनिटांत तिला रडू आवरेना,
सांगणं राहिलं.
मग पडद्यावरची दोन माणसं बोलत राहिली
आणि आपण दोघं सोफ्याच्या दोन टोकांना,
दोघांनाही काही कळत नव्हतं.
जानेवारीपासून पहिल्यांदा
आपल्याला सारखंच माहीत होतं.
मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली.

ती गेल्यावर कप विसळत तू म्हणालीस,
एक विचारू? तुम्ही वडीलधारे आहात.
एक मुलगा मला बघून गेलाय.
नाकात बोलतो.
पण निघताना दाराशी धाकटीची चप्पल उलटी पडली होती,
ती त्यानं वाकून सरळ केली. कुणाला दिसेलसं नाही.
मी खिडकीतून पाहिलं.
मी अजून कुणाला बोलले नाही.

मलाही नाही, वैजू. सव्वीस वर्षांत एकदाही नाही.
त्या दिवसाचं मला आठवतं ते
तुझ्या काकांचं पगार विचारणं, आणि खारट चिवडा.
चप्पल आठवत नाही. कितीही आठवलं तरी नाही.

होकार द्यावा का, तू विचारलंस.

मी खोकलो, आवाज जरा घशात घेतला.
विचार करून सांगतो, म्हणालो. उद्या.

उद्या तू पुन्हा विचारलंस, नव्यानं.
तेव्हापासून रोज विचारतेस.
बुधवारी मी म्हणालो, दे होकार, मुलगा बरा दिसतोय.
काल म्हणालो, आधी बी.एस्सी. पूर्ण कर,
परदेशी-बिरदेशी जाऊ नकोस, तिथे रस्ते निसरडे असतात.
दोन्ही वेळा तू शहाण्या मुलीसारखी मान हलवलीस.

आज मी काही बोलायच्या आतच म्हणालीस,
तुमचं लग्न झालंय का हो?

कारखान्याकडून वारा आला, भाजलेल्या गव्हाचा.
उठून खिडकी लावली.